गल्ला दुकानाचा, खर्च घराचा

‘कमाई आहे, पण बरकत नाही.’ आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या तोंडी हे वाक्य नेहमी ऐकू येते. दिवसभर दुकानात गिऱ्हाईक असते, मशीन रात्री उशिरापर्यंत चालते, तरी महिन्याची पंचवीस तारीख उजाडली की घरात तेल संपलेले आणि खिशात पैसा नाही. मग किराणावाल्याची उधारी वाढते, मित्राकडून हातउसने घेतले जातात आणि हळूहळू माणूस व्याजाच्या दारात जाऊन उभा राहतो. कमाई कमी पडते म्हणून असे होते, हे अनेकदा खरे असते. पण अनेकदा ते खरे नसते. पैसा कोठे गेला हेच ठाऊक नसते, हे खरे कारण असते.

या लेखात घरखर्चाचा हिशोब कसा ठेवावा, किराण्याचा अंदाज कसा बांधावा आणि दुकानाचा पैसा घरापासून वेगळा कसा ठेवावा, याचा विचार करावयाचा आहे. हा विषय बायकांचा म्हणून आपण सोडून देतो. पण माझ्या अनुभवाने सांगतो, अनेक चांगली चालणारी दुकाने बाजारात बुडत नाहीत, ती स्वयंपाकघराच्या वाटेने बुडतात.

अब्बांचे दुकान

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझ्या अब्बांचे बांगड्यांचे दुकान होते. फिरोजाबादच्या काचेच्या बांगड्या पुण्याच्या घाऊक व्यापाऱ्याकडून आणायच्या, काही दुकानात विकायच्या आणि काही बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावी न्यायच्या. अब्बा नमाजी, सचोटीचे. बाया दहा कोसांवरून त्यांच्याकडे बांगड्या भरायला येत. तरीही १९८८ साली लग्नसराईच्या तोंडावर माल भरायला त्यांच्याजवळ पैसा नव्हता. मागची बाकी राहिल्यामुळे घाऊक व्यापाऱ्याने हात वर केले. तेव्हा अम्माच्या पाटल्या सावकाराकडे गहाण पडल्या. ३,००० रुपये, शेकडा ३ रुपये महिना. म्हणजे ज्या घरात पाच वेळा नमाज होत होती, त्या घरातून दर महिन्याला ९० रुपये व्याज जाऊ लागले. अब्बा त्या दिवसांत कोणाशी फारसे बोलत नसत.

अम्मा शिकलेली नव्हती. मी आठवीत होतो. लग्नसराई संपल्यावर तिने मला शंभर पानी वही आणावयास सांगितली आणि म्हणाली, “तू रोज रात्री लिही. मी सांगते ते मी, अब्बा सांगतील ते अब्बा. एक महिना नुसते लिही.” अब्बांना ते रुचले नाही. पण पाटल्या अम्माच्या होत्या, म्हणून ते काही बोलले नाहीत.

महिना भरल्यावर बेरीज केली. दुकानाची विक्री २६ दिवसांची ६,५०० रुपये. शेकडा ३० प्रमाणे नफा १,९५० रुपये. त्यातून दुकानभाडे, वीज आणि माल आणण्याचे गाडीभाडे मिळून ३०० रुपये वजा जाता १,६५० उरले. आणि गल्ल्यातून घराकडे गेलेली रक्कम भरली २,१०० रुपये! म्हणजे दर महिन्याला ४५० रुपये भांडवलातून खाल्ले जात होते. लग्नसराईत जे जादा मिळे ते ईद, आहेर आणि पाहुण्यांत जाई. लग्नसराईचे दोन महिने सोडले तरी दहा महिन्यांचे ४,५०० आणि तीन वर्षांचे १३,५०० रुपये झाले. दुकान तोट्यात नव्हते. घर दुकानाला खात होते, आणि ते घरातल्या कोणालाच माहीत नव्हते.

आता २,१०० रुपये कोठे गेले ते पाहू. किराणा ७८०, दूध २१०, भाजी व मटण ३३०, रॉकेल १२०, डॉक्टर ९०, शाळा ६०. बेरीज १,५९०. उरलेले ५१० रुपये कशाचे, ते वहीत एका नावाखाली बसेना. दुकानातला चहा, पान, ओळखीच्या माणसाला दिलेले पाच-दहा रुपये, मुलांच्या हातावर ठेवलेली चिल्लर. तूट ४५० ची आणि बेहिशेबी खर्च ५१० चा. अब्बांनी ती दोन आकड्यांची जोडी पाहिली आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानात चहाचे आठ कप तीनवर आले.

त्यानंतर अब्बांनी दुकानातून दरमहा १,५०० रुपयेच घरी द्यायचे ठरवले. वर एक पैसा नाही. त्यात घर भागवण्याची जबाबदारी अम्माची, आणि दुकानाची अब्बांची. दोन लग्नसराया गेल्यावर पाटल्या सुटल्या. व्याज थांबले. ती वही पुढे अनेक वर्षे चालू राहिली.

वही कशी मांडावी

हिशोब म्हटला की माणसाला कीर्द-खतावणी आठवते आणि तो घाबरतो. घरखर्चासाठी तितके लागत नाही. एक साधी वही घ्यावी. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च. खर्चाच्या पानावर तारीख, वस्तू, वजन किंवा नग, आणि रक्कम असे चार रकाने पाडावेत. वजनाचा रकाना महत्त्वाचा आहे. ‘साखर २२५’ असे लिहिले तर भाव वाढला की वापर वाढला हे कळत नाही. ‘साखर ५ किलो, २२५’ असे लिहिले तर दोन्ही कळते.

लिहिण्याची वेळ ठरवून घ्यावी. इशाच्या नमाजनंतरची दहा मिनिटे पुरेशी आहेत. दुसऱ्या दिवशी लिहू म्हटले की चार खर्च विसरतात, आणि विसरतात ते नेमके लहान खर्च. आठवड्याची बेरीज गुरुवारी रात्री करावी, म्हणजे जुमाचा दिवस मोकळा राहतो. महिन्याच्या शेवटी सर्व खर्च सहा-सात नावांखाली वाटून लिहावा: धान्य-किराणा, दूध-भाजी-मांस, इंधन-वीज-फोन, शिक्षण, औषधपाणी, प्रवास, आणि किरकोळ. किरकोळ हे नाव एकूण खर्चाच्या विसाव्या हिश्शाहून मोठे झाले, तर समजावे की हिशोबात भोक आहे.

पहिल्या महिन्यात काहीही कमी करू नये. नुसते लिहावे. पहिल्याच दिवशी कात्री घेऊन बसणारा माणूस आठवड्यात वही फेकून देतो. दुसऱ्या महिन्यात एकच खर्च निवडावा आणि तोच आटोक्यात आणावा.

आज पैसा हाताने कमी आणि फोनवरून जास्त जातो. दहा रुपयांचा चहासुद्धा कोड दाखवून होतो. नोट मोडताना मन थोडे अडखळत असे, तेवढेही आता होत नाही. फोनमध्ये सर्व नोंद राहते, म्हणून वही कशाला, असे तरुण मुले म्हणतात. पण फोनमध्ये माणसाचे नाव आणि रक्कम राहते, कशासाठी दिले ते राहत नाही. रात्री फोनमधली नोंद पाहून वहीत उतरवावी. दोन्हींचा मेळ बसला की हिशोब पक्का.

ज्यांची कमाई ठरलेली नाही त्यांनी

पगारदाराचा अंदाजपत्रकाचा प्रश्न सोपा असतो. आपल्या कारागिरांचे तसे नाही. शिलाईवाल्याला ईद, दिवाळी आणि लग्नसराईत श्वास घ्यायला वेळ नसतो आणि भर पावसाळ्यात मशीन झाकून ठेवावी लागते. बांगडीवाल्याचा हंगाम श्रावणात आणि लग्नसराईत, आणि पितृपक्षात दुकान थंड. अशांनी मागील बारा महिन्यांतील सर्वांत कमी मिळकतीचे तीन महिने घ्यावेत, त्यांची सरासरी काढावी आणि घरखर्च त्या आकड्यात बसवावा. हंगामात जे जास्त मिळेल ते खर्चाचे नाही, ते थंड महिन्यांचे आणि मालाचे आहे असे समजावे.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागावर अनेकांना आठवड्याला मजुरी मिळते. अशा बांधवांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वर्षात ५२ आठवडे असतात. महिन्याला चार आठवडे धरले तर बारा महिन्यांचे ४८ होतात. म्हणजे वर्षातून चार वेळा महिन्यात पाचवा पगार येतो. घर चार आठवड्यांच्या मजुरीत बसवले, तर हे चार पगार जवळजवळ एका महिन्याची कमाई होतात. ती हातातून निसटू न देता बाजूला टाकली तर शाळेचा जून महिना आणि एक ईद कोणापुढे हात न पसरता पार पडते.

एका घराचा नमुना

आता उदाहरणादाखल एक घर घेऊ. शिलाईचे काम करणारा कारागीर, पत्नी, शाळेत जाणारी दोन मुले आणि वृद्ध आई, अशी पाच माणसे. घर स्वतःचे. दुकानातून घराला दरमहा २२,००० रुपये. पुढील आकडे नमुन्याचे आहेत. आपापल्या गावच्या भावाप्रमाणे ते बदलून घ्यावेत.

किराणा असा:

गहू २० किलो — ६८०
ज्वारी १० किलो — ४५०
दळण — १८०
तांदूळ १५ किलो — ७५०
तूरडाळ ३ किलो — ३९०
मसूर, मूग, हरभराडाळ प्रत्येकी १ किलो — २९०
तेल ४ लिटर — ५८०
साखर ५ किलो — २२५
चहा पावडर पाऊण किलो — ३६०
शेंगदाणे १ किलो — १३०
मीठ, तिखट, हळद, गरम मसाला — ३००
एकूण — ४,३३५ रुपये

यात दूध रोज १ लिटर (१,७४०), भाजी रोज ६० रुपयांची (१,८००), आणि आठवड्याला एक किलो कोंबडी, महिन्यातून अर्धा किलो मटण व अडीच डझन अंडी (१,४९०) मिळवले की खाण्याचा खर्च ९,३६५ रुपये होतो.

बाकीचे असे:

साबण, धुण्याची पावडर इत्यादी — ४५०
गॅस — ८६०
वीज — ९००
दोन फोन — ६००
शाळा, शिकवणी — २,०००
आईची औषधे — १,०००
पेट्रोल — १,२००
घरपट्टी, पाणीपट्टीचा मासिक हिस्सा — २५०
बाहेरचा चहा, पान, किरकोळ उसने — १,२००
ईद, कपडे व जून महिन्याची तरतूद — १,५००
सदका — ३००
शिल्लक — २,०००
अचानक येणारे, चूकभूल — ३७५

सर्व मिळून बरोबर २२,०००.

आता हे पत्रक वाचायचे कसे? खाण्याचा खर्च एकूण रकमेच्या सुमारे ४३ टक्के आहे. अर्न्स्ट एंगेल या जर्मन आकडेशास्त्रज्ञाने १८५७ साली दाखवून दिले की घराची मिळकत जितकी कमी, तितका तिचा मोठा वाटा अन्नावर जातो. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कुटुंब उपभोग खर्च पाहणीत देशातील सरासरी दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात ४,१२२ रुपये आणि शहरी भागात ६,९९६ रुपये आढळला. त्यातील अन्नाचा वाटा ग्रामीण भागात सुमारे ४७ टक्के आणि शहरात सुमारे ४० टक्के होता. आपल्या घराचा आकडा या दोहोंच्या शेजारी ठेवून पाहावा. वाटा साठाच्या वर गेला असेल तर काटकसरीने फारसे साधणार नाही, मिळकतच वाढवावी लागेल. घरातल्यांच्या ताटातून काढून बचत होत नसते. बचत काढायची ती दुसऱ्या यादीतून. आपल्या नमुन्यात बाहेरच्या चहा-पानाचे रोजचे ४० रुपये वर्षाला १४,४०० रुपये होतात. हा निम्मा केला तरी वर्षाकाठी ७,२०० रुपये राहतात. शिलाईवाल्याच्या घरात त्यात जुनी मशीन दुरुस्त होऊन काजाच्या मशीनसाठी काही रक्कम बाजूला पडेल.

किराणा भरताना

किराणा महिन्यातून एकदाच, यादी करून आणि शक्यतो रोखीने भरावा. रोज संध्याकाळी पावशेर साखर आणि दहा रुपयांचे तेल आणणाऱ्या घराला तीच वस्तू महाग पडते, हे दुकानदार वाचकांना सांगावयास नको. बाजारात जाण्यापूर्वी डबे उघडून पाहावेत. मागील महिन्याची डाळ अर्धा किलो शिल्लक असेल तर यादीत तेवढी कमी करावी.

बेगमीची आपली जुनी पद्धत फार शहाणपणाची होती. उन्हाळ्यात नवा गहू, ज्वारी, उन्हाळी कांदा, मिरची आणि हळद बाजारात येते. तेव्हा वर्षाचे किंवा निदान चार महिन्यांचे भरून, वाळवून ठेवले की पावसाळ्यातील भाववाढ टळते. नवी तूर हिवाळ्यात निघते, तिची खरेदी त्या सुमारास करावी. मात्र बेगमीसाठी उधार घेऊ नये. ज्याच्याजवळ एकदम पैसा नाही त्याने शेजारच्या चार घरांनी मिळून पोती आणावीत आणि वाटून घ्यावीत. भाव पोत्याचा मिळतो आणि खर्च एका घराचा होतो.

पुडीवरील वजन वाचण्याची सवय लावावी. एक लिटर खाद्यतेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते. बाजारात ८५० आणि ८०० ग्रॅमच्या पुड्याही तशाच आकारात मिळतात. चार रुपयांनी स्वस्त वाटलेली पुडी प्रत्यक्षात महाग निघते.

ज्यांचे नाव प्राधान्य कुटुंब योजनेत आहे त्यांना दरमहा माणशी ५ किलो धान्य १ जानेवारी २०२३ पासून विनामूल्य मिळते. ते आपल्या हक्काचे आहे. ते उचलावे, आणि तेवढे धान्य किराण्याच्या यादीतून वजा करावे. पुष्कळ घरांत दोन्ही आणले जाते आणि पावसाळ्यात धान्याला कीड लागते.

दोन कॅलेंडरांचे घर

आपल्या घरखर्चाची एक अडचण इतरांना नाही. आपण दोन कॅलेंडरांवर जगतो. शाळेची फी, घरपट्टी, पावसाळा हे इंग्रजी महिन्यांवर चालतात. रमजान, ईद, बकरी ईद चंद्रावर. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असल्याने आपले सण दरवर्षी दहा ते बारा दिवस अलीकडे येतात. २०२३ साली बकरी ईद २९ जूनला होती, २०२४ साली १७ जूनला आणि २०२५ साली ७ जूनला. म्हणजे तीन वर्षे कुर्बानी आणि वह्या-पुस्तके-गणवेश एकाच महिन्यात आले. २०१८ साली रमजानची ईद १६ जूनला होती, तेव्हाही हेच घडले. ज्या घरांनी हे आधी पाहिले नव्हते त्यांनी जूनमध्ये कर्ज काढले. आणि पुढचे सांगायचे तर २०३० साली रमजान दोनदा सुरू होणार आहे, एकदा जानेवारीच्या आरंभी आणि एकदा डिसेंबरच्या अखेरीस.

उपाय सोपा आहे. शव्वालचा चंद्र दिसला की पुढच्या रमजानची पेटी सुरू करावी. मध्ये अकरा चांद्र महिने मिळतात. आपल्या नमुन्यातील १,५०० रुपयांची वर्षाची रक्कम १८,००० होते. तिची वाटणी रमजान व ईद ९,०००, बकरी ईदचा हिस्सा ४,००० आणि जूनमधील शाळा ५,००० अशी करता येईल. कुर्बानीसाठी मोठ्या जनावरात सात हिस्से असतात. ऐपतीप्रमाणे हिस्सा घेण्यात काहीच कमीपणा नाही. रमजान हा इबादतीचा महिना आहे, पण आपल्या अनेक घरांत त्याच महिन्यात किराण्याचे बिल दुप्पट होते. उपवासाच्या महिन्यात खाण्याचा खर्च का वाढतो, याचा विचार प्रत्येकाने वही समोर ठेवून करावा.

दुकानाचा दिवा, घराचा दिवा

हजरत उमर बिन अब्दुल अजीज (रह.) यांच्याविषयी एक प्रसंग प्रसिद्ध आहे. रात्री ते सरकारी काम करीत बसले असता कोणी खाजगी बोलण्यासाठी आले, की ते बैतुलमालच्या तेलाचा दिवा विझवीत आणि स्वतःचा दिवा लावीत. व्यापाऱ्याने हा धडा गल्ल्यापुरता तरी घ्यावा. दुकानाचे पैसे वेगळे, घराचे वेगळे.

प्रत्यक्षात हे असे करावे. मालकाने स्वतःला दरमहा ठरावीक पगार द्यावा आणि तो दुकानाच्या वहीत ‘उचल’ म्हणून लिहावा. दुकानातून घरी नेलेला साबण, कापड, तेल हीसुद्धा उचल आहे. ती खरेदीच्या भावाने लिहावी. दुकानाचे बँक खाते व फोनवरील कोड वेगळा ठेवावा. गिऱ्हाइकाचे पैसे ज्या खात्यात येतात त्याच खात्यातून मुलाच्या फोनचे रिचार्ज होत असेल, तर वर्षअखेर नफा किती हे कोणीही सांगू शकणार नाही. भावाभावांच्या सामाईक दुकानात तर हे अत्यंत जरुरीचे आहे. एकाने घरी किती नेले आणि दुसऱ्याने किती, हे लिहिलेले नसल्यामुळे वेगळी झालेली घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत.

उधारीबद्दलही तसेच. पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत देण्या-घेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबाबत आहे (सूरह बकरा, २८२). लहान असो की मोठा, मुदतीचा व्यवहार लिहिण्याचा आळस करू नका, अशी तिची शिकवण आहे. तरी आपल्याकडे ‘भाऊबंदात लिहायचे काय’ म्हणून सोडून देतात आणि नंतर बोलणे बंद होते. किराणा दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या वहीतही नोंद करून द्यावी. त्यामुळे वसुलीत कटुता येत नाही.

वही असेल तर जकात सोपी

घरखर्च व दुकान वेगळे ठेवण्याचा एक मोठा लाभ रमजानमध्ये दिसतो. पुष्कळ बांधव जकात अंदाजाने देतात, काही जण हिशोब नाही म्हणून देतच नाहीत. वही असेल तर काम तासाभराचे आहे. समजा, एका दुकानात विक्रीचा माल १,८०,००० रुपयांचा आहे, रोकड २०,०००, वसूल होण्याजोगी उधारी १५,०००, आणि घाऊक व्यापाऱ्याचे देणे ६०,०००. बाकी १,५५,००० रुपये. ही रक्कम निसाबपेक्षा, म्हणजे साडेबावन्न तोळे (सुमारे ६१२ ग्रॅम) चांदीच्या त्या दिवशीच्या किमतीपेक्षा जास्त असेल आणि वर्ष पूर्ण झाले असेल, तर अडीच टक्क्यांप्रमाणे ३,८७५ रुपये जकात होते. शिलाई मशीन, कपाटे, वजनकाटा ही कामाची साधने त्यात धरली जात नाहीत. बारीकसारीक मसले आपल्या उलेमांना विचारून घ्यावेत. वर्ष मात्र चंद्राचे धरावे.

काटकसर आणि कंजूषी

शेवटी एक इशारा द्यावासा वाटतो. वही हातात आली की काही पुरुष तिची लाठी करतात. कोथिंबिरीच्या जुडीचा जाब बायकोला विचारतात आणि स्वतःच्या सिगारेटचा रकाना कोरा ठेवतात. असा हिशोब चालत नाही. वहीत प्रथम आपला खर्च लिहावा, मग दुसऱ्याचा विचारावा. हिंद बिंत उतबा (रजि.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे तक्रार केली की पती घराला पुरेसे देत नाहीत. तेव्हा स्वतःला व मुलांना वाजवी प्रमाणात पुरेल इतके पतीच्या मालातून घेण्याची मुभा प्रेषितांनी (स.) त्यांना दिली, ही हदीस प्रसिद्ध आहे. घरच्यांचा हक्क मारून केलेली बचत ही बचत नव्हे. खर्च करताना उधळपट्टीही नको आणि हात आखडताही नको, मधला मार्ग धरावा, हीच सूरह फुरकानची (आयत ६७) शिकवण आहे.

सदका हा रकाना मात्र कधी काढू नये. आमच्या घरी पाटल्या गहाण होत्या त्या दिवसांतही अम्मा महिन्याला दोन रुपये त्या नावाने लिहावयास सांगे. मी एकदा म्हणालो, “अम्मा, आपल्यालाच पुरत नाही.” ती म्हणाली, “लिही. आपल्यालाच पुरत नाही असे म्हणायला लागलो की मग कधीच पुरणार नाही.”

वाचक बंधू-भगिनींनो, येत्या महिन्याच्या पहिल्या तारखेला एक वही आणा. तीस दिवस नुसते लिहा. एकतिसाव्या दिवशी घरातली सर्व माणसे एकत्र बसून बेरीज करा. मुलांनाही बसवा, घरात पैसा कसा येतो आणि कसा जातो हे ज्या मुलाने पाहिले, तो पुढे गल्ल्यावर बसल्यावर चुकत नाही. आपली कमाई वाढवणे नेहमी आपल्या हाती नसते. ती कोठे जाते हे पाहणे मात्र आपल्या हाती आहे. अल्लाह आपल्या सर्वांच्या हलाल कमाईत बरकत देवो. आमीन.